मोबाईल होममध्ये राहायला आलात? फर्नेस बदलायच्या आधी घराखाली जाऊन बघा

नॉर्थ कॅरोलायनात आम्ही डबल-वाईड घेतलं तेव्हा आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं, की घर फॅक्टरीत बनतं, दोन तुकड्यांत ट्रकवरून येतं आणि जागेवर आणून जोडतात. तिचा पहिला प्रश्न, "अरे पण चाकं असतात म्हणे त्याला, मग रात्री झोपेत कुठं निघून जात नाही ना?" घर कुठं गेलं नाही, पण पहिल्या डिसेंबरात आमची गरम हवा मात्र निघून गेली. हॉल मस्त उबदार आणि पलीकडच्या अर्ध्या भागातल्या दोन बेडरूम म्हणजे नुसता फ्रीज. एक माणूस बोलावला, त्याने घराखाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं की फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) लहान पडतेय, मोठी बसवा, आणि काही हजार डॉलरचं कोटेशन हातात ठेवलं. शेजारी एक म्हातारबुवा राहायचे, तीस-चाळीस वर्षं असल्याच घरांत काढलेले, ते म्हणाले आधी खाली जाऊन ये. गेलो. बघतो तर एक जाडजूड काळा पाईप एका टोकाने सुटून जमिनीवर पडलेला आणि त्याच्या तोंडाशी गल्लीतलं मांजर अंग टाकून झोपलेलं. सबंध महिना आम्ही त्याच्यासाठी गरम हवा विकत घेत होतो. दुरुस्तीला दोन पट्टे आणि मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाचा, एक डबा लागला, बस.

म्हणून हे लिहितोय. अमेरिकेत आपली मंडळी बहुतेक अपार्टमेंट नाहीतर विटा-लाकडाच्या घरात असतात, मोबाईल होम म्हटलं की भुवया वर जातात, त्यामुळे याबद्दल मराठीत विचारायला कुणी सापडत नाही. पण घरांच्या किमती बघता आता बरेच जण इकडे वळतायत आणि आल्याआल्या तीच चूक करतात जी मी करणार होतो.

पायरी १: तुमचं घर नेमकं कुठलं ते ओळखा

१५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून या घरांना हड (HUD), म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, देशभर एकच कोड लागू झाला. त्याआधीचं ते खरं "मोबाईल होम", नंतरचं "मॅन्युफॅक्चर्ड होम", बोलताना सगळे सगळ्याला ट्रेलरच म्हणतात ते सोडा. १९७६ नंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरच्या बाजूला एक लाल रंगाचं छोटं पत्र्याचं लेबल असतं. आणि घरात, किचनच्या कपाटाच्या आतल्या बाजूला किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये, एक कागद चिकटवलेला असतो त्याला डेटा प्लेट म्हणतात. त्याचा फोटो काढून ठेवा, रंग देताना लोक तो खरवडून टाकतात आणि मग बसतात शोधत. त्यावर घर कोणत्या हवामानाच्या झोनसाठी बांधलंय ते दिलेलं असतं. झोन १ म्हणजे फ्लोरिडा, टेक्सासकडचा दक्षिण पट्टा, झोन ३ म्हणजे उत्तरेकडचा थंडीचा मुलूख, आम्ही मधल्या २ मध्ये. स्वस्तात मिळालं म्हणून झोन १ चं घर वर ओहायोत नेऊन ठेवलं तर कितीही मोठी फर्नेस लावा, भिंतीत आणि छपरात इन्सुलेशनच (उष्णता अडवणारा थर) कमी आहे, ती बिचारी काय करणार.

पायरी २: हवा कुठून कुठं जाते ते समजून घ्या

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आपल्याकडे घरात डक्ट, म्हणजे हवा खेळवणारे पाईप, नसतात, पंखा लावला, फार तर कूलर, संपलं, त्यामुळे मला हे कळायला वेळच लागला. घराच्या साधारण मध्यावर एका कपाटात फर्नेस उभी असते. साध्या घरात बऱ्याचदा तळघरातली फर्नेस हवा वर फेकते, आपली हवा खाली फेकते. फरशीखाली घराच्या लांबीभर पत्र्याचा एक लांब डक्ट जातो, त्याला ट्रंक म्हणतात, त्यातून जागोजागी वर फरशीला तोंडं काढलेली असतात, त्यावर जाळ्या, म्हणजे रजिस्टर. ट्रंक आणि फरशी यांच्यामधला जो छोटा पत्र्याचा गळा असतो तो बूट. डबल-वाईड असेल तर दोन्ही अर्ध्यांत वेगळी ट्रंक, आणि एकीकडून दुसरीकडे हवा नेणारा मोठा गुबगुबीत पाईप घराखालून जातो, तो क्रॉसओव्हर. आमचा मांजरवाला पाईप तो हाच.

आणि परत येणारी हवा? तिच्यासाठी बहुतेक घरांत वेगळा डक्टच नसतो. ती खोल्यांमधून दाराखालच्या फटीतून पॅसेजमध्ये येते आणि फर्नेसच्या कपाटाच्या जाळीदार दारातून आत ओढली जाते. म्हणजे जाड गालिचा टाकून दाराखालची फट बुजवली आणि दार लावून झोपलात की त्या खोलीत हवा कोंडणार, पॅसेजकडून फर्नेस हवा ओढतच राहणार, आणि ती हवा खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार येणार. घरात उदबत्ती असेलच. ब्लोअर (फर्नेसचा पंखा) चालू करा, बेडरूमचं दार लावा आणि बाहेरून दाराखाली उदबत्ती धरा. धूर जोरात तुमच्या अंगावर ढकलला गेला तर हवेला परतीची वाट पुरत नाहीये, दार खालून थोडं तासा किंवा दारावर आरपार जाळी बसवा.

दुसरी उदबत्ती लावा खिडकीपाशी, सगळी आतली दारं उघडी ठेवून, एकदा ब्लोअर बंद असताना आणि एकदा चालू असताना. चालू केल्यावर धूर जास्त जोराने आत ढकलला जात असेल तर समजा, तुमचा डक्ट घराखाली हवा सांडतोय. फुकटातली टेस्ट आहे. खरी मोजणी करायची तर ब्लोअर डोअर आणि डक्ट टेस्टर ही गळती मोजायची यंत्रं घेऊन माणूस येतो, ती पुढे कधीतरी करा.

फर्नेसचं कपाट रिकामं ठेवा हेही इथंच सांगतो. आपल्याला कपाट दिसलं की झाडू, तांदळाची पिशवी, रिकामे डबे काही ना काही आत सरकवल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे नको. आग लागू शकते.

पायरी ३: वरूनच तपासता येईल तेवढं तपासा

सगळी रजिस्टर उचला, नुसती ठेवलेली असतात नाहीतर दोन स्क्रू. आत टॉर्च मारा, मोबाईलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा. बुटाची कड आणि फरशी यांच्यामध्ये फट दिसतेय का, पिवळं-गुलाबी इन्सुलेशन दिसतंय का, की थेट खालची जमीनच दिसतेय? तिन्हींपैकी काहीही दिसायला नको. आम्हाला आत सापडलेल्या वस्तू: लेगोचे तुकडे, एक चमचा, आधीच्या मालकाच्या मुलांचे रंगीत खडू आणि एक वाळलेला उंदीर. शेवटच्या रजिस्टरच्या पुढे ट्रंक किती लांब जाते तेही बघा, टोक पत्र्याने बंद असलं पाहिजे, बऱ्याच घरांत ते टोपण निघालेलं असतं आणि हवा सरळ पोटात जाते. पोट म्हणजे काय ते पुढे येतंय.

पायरी ४: आता खाली उतरा

हे काम एकट्याने करू नका, कुणीतरी बाहेर उभं पाहिजे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क, कारण वरून फायबरग्लास गळतं आणि ते दोन दिवस खाजतं. आमच्या भागात ब्लॅक विडो कोळी आणि कॉपरहेड साप दोन्ही असतात, त्यामुळे आधी स्कर्टिंगचा, म्हणजे घराखालची जागा चहूबाजूंनी झाकणाऱ्या पट्ट्यांचा, एक तुकडा काढून काठीने खडखडाट करायचा, जरा वेळ थांबायचं, मग आत. घर ज्या ब्लॉकच्या थप्प्यांवर उभं असतं त्यांना धक्का लावायचा नाही. खाली पाणी साचलंय, ड्रेनेज गळतंय किंवा वायर लोंबतायत असं दिसलं तर जायचंच नाही, आधी प्लंबर, इलेक्ट्रिशियन.

पहिलं काम क्रॉसओव्हर. दोन्ही टोकं जोडलेली आहेत का, पाईप कुठं चपटा झालाय का, जमिनीला टेकलाय का. तो जमिनीला टेकता कामा नये, चार-चार फुटांवर किमान इंचभर रुंदीच्या पट्ट्यांनी टांगलेला हवा, आणि जरुरीपेक्षा लांब असेल तर जादाचा कापून ताणून बसवायचा, लोंबता पाईप म्हणजे हवेच्या वाटेत घाट. नवा घेणार असाल तर इन्सुलेशन आर-८ चं मागा (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं). जोडताना क्रम असा: आतला पाईप पत्र्याच्या कॉलरवर नीट वर चढवायचा, नायलॉनचा पट्टा आवळायचा, त्यावर मॅस्टिक, मग इन्सुलेशन ओढून घ्यायचं आणि बाहेरच्या काळ्या आवरणाला दुसरा पट्टा. कितीतरी लोक फक्त बाहेरचं आवरण बांधतात, वरून एकदम टकाटक दिसतं आणि आतला पाईप मोकळाच.

पायरी ५: डक्ट सील करा, पण डक्ट टेपने नको

हो, नावच डक्ट टेप आहे, आणि ती डक्टवरच चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९८ मध्ये सगळ्या प्रकारच्या टेपा आणि सीलंट गरम-गार करून तपासले होते, त्यात कापडी डक्ट टेपच तेवढी साफ निकामी ठरली. तिचा गोंद उष्णतेने सुकतो आणि दोन-तीन वर्षांत टेप सालीसारखी सुटते. तुमच्या घराखाली अशा लोंबणाऱ्या राखाडी साली दिसतीलच, बघा.

वापरायचं ते मॅस्टिक, म्हणजे घट्ट लापशीसारखं असतं ते, ब्रशने किंवा सरळ हातमोजा घालून थापायचं, एखाद्या नाण्याइतका जाड थर. फट पाव इंचापेक्षा मोठी असेल तर आधी फायबरग्लासची जाळीची पट्टी, त्यावर मॅस्टिक. जिथे हात नीट पोचतो, पत्रा स्वच्छ पुसता येतो तिथे यूएल १८१ (डक्टच्या टेपांचं मानक) छापलेली ॲल्युमिनियमची फॉइल टेप पण चालते, पण पत्रा पुसल्याशिवाय चिकटवली तर ती पण पडणार. लावून झाल्यावर ब्लोअर बंद ठेवून मॅस्टिक वाळू द्या.

सुरुवात फर्नेसपासून करा, कारण तिथे हवेचा दाब सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथली बोटभर फट शेवटच्या रजिस्टरच्या चार बोटांच्या फटीपेक्षा जास्त हवा खाते. फर्नेसच्या बुडाशी ती ट्रंकला जिथे बसते तो जोड, मग क्रॉसओव्हरच्या कॉलरी, मग एकेक बूट, आणि शेवटी ट्रंकची टोकं. बुटांचं काम घरातून वरूनच होतं, रजिस्टर काढून हात घालायचा. एक शनिवार-रविवार पुरतो, पाठ मात्र सोमवारी बोलते.

पायरी ६: घराचं पोट शिवा

घराखाली गेल्यावर वर जे काळं ताडपत्रीसारखं कापड दिसतं ती बेली, त्याच्या आत इन्सुलेशन, पाण्याचे पाईप आणि ट्रंक असं सगळं असतं. त्याला भोक पडलं की उंदीर, मांजर, खारी, सगळ्यांना बंगला मिळतो आणि इन्सुलेशन खाली येतं. प्लंबर लोक पाईप दुरुस्त करायला ते फाडतात आणि तसंच सोडून जातात, हा माझा कायमचा राग आहे. कुठं कापड पाण्याने फुग्यासारखं फुगलेलं दिसलं तर आत पाईप गळतोय, आधी पाणी बंद करा आणि बाजूला सरकून लांबून टोचा, मी बरोब्बर खाली झोपून टोचलं होतं, पुढचं सांगत नाही.

छोट्या फाटीला बेली टेप चालते. मोठं भोक असेल तर आत नवी फायबरग्लासची गादी भरून, त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ मोठं कापून, स्टेपल आणि गोंद दोन्ही लावायचं, नुसत्या स्टेपलवर ते टिकत नाही. आणि हे नेहमी डक्ट सील केल्यावर, आधी नाही, नाहीतर परत उसवायला लागेल.

जमिनीवर ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) जाडीचं प्लॅस्टिक अंथरा, मातीची ओल वर येत नाही. स्कर्टिंग बंद ठेवा पण त्यातले व्हेंट बुजवू नका. पाण्याच्या पाईपला हीट टेप (पाईप गोठू नये म्हणून गुंडाळलेली विजेची तापणारी पट्टी) असेल तर ती मोबाईल होमसाठी मान्य केलेली आहे का बघा, एकावर एक गुंडाळू नका, चिरलेली दिसली तर तिथल्या तिथे बदला, या टेपमुळे आगी लागलेल्या आहेत.

पायरी ७: आता फर्नेसचा विचार करा

इतकं करून पण गारच वाटत असेल तर मग. मोबाईल होमसाठी मान्य असलेलीच फर्नेस लागते, दुकानातली साधी स्वस्तातली नाही. गॅसवर चालणारी असेल तर ती जळायला लागणारी हवा बाहेरून घेते, बहुतेक वेळा छपरावरच्या रूफ जॅकच्या दुहेरी पाईपमधून, घरातली हवा वापरत नाही. साधी फर्नेस त्या छोट्या कपाटात कोंबली तर कार्बन मोनॉक्साईडशी खेळ. नैसर्गिक गॅसची फर्नेस प्रोपेनवर लावायची तर आतले सुटे भाग बदलावे लागतात, ते लायसन्सवाल्या माणसाचं काम, तिथे यूट्यूब बघून हुशारी करू नका. बेडरूमच्या बाहेर सीओ (कार्बन मोनॉक्साईड) अलार्म लावलाच पाहिजे.

विजेची फर्नेस म्हणजे मोठा गिझरच, एक युनिट विजेला एक युनिट उष्णता. १५ किलोवॅटची फर्नेस २४० व्होल्टवर साधारण ६२ अँपिअर ओढते, त्यामुळे जुन्या १०० अँपिअरच्या पॅनेलवर ती बसवायच्या आधी हिशेब करून घ्या. हीट पंप, म्हणजे उलटा चालून घर गरमही करणारा एसी, त्याच विजेत साधारण दुप्पट-तिप्पट उष्णता देतो, आमच्यासारख्या मध्यम थंडीच्या भागात तोच परवडतो. फक्त रात्री थर्मोस्टॅट खूप खाली आणि सकाळी एकदम वर असं करू नका, तसं केलं की मदतीला असलेल्या विजेच्या हीटिंग पट्ट्या चालू होतात आणि वाचवलेलं सगळं जातं. "एमर्जन्सी हीट"चं बटण, ज्याने फक्त त्या पट्ट्याच चालतात, चुकून दाबलेलं राहिलंय का तेही बघा, आमच्या ओळखीत एकाचं सबंध जानेवारी तसं होतं.

न वापरायच्या खोल्यांची रजिस्टर बंद करून पैसे वाचतात हा गैरसमज. दोन-तीनपेक्षा जास्त बंद केली की फर्नेस आतल्या आत तापते आणि सेफ्टी स्विचने बंद-चालू होत राहते.

पायरी ८: उन्हाळा

चार रस्ते आहेत. फर्नेसच्या कपाटातच हवा गार करणारी कॉइल बसवून बाहेर कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारं युनिट), हा एक. पण आधी बघा की फर्नेसचा ब्लोअर एसीसाठी पुरेसा आहे का, बऱ्याच जुन्या फर्नेस फक्त हीटिंगच्या असतात. एसीच्या एका टनाला, म्हणजे १२,००० बीटीयूला, मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरावी लागते आणि आपल्या ट्रंका बारीक, त्यामुळे "मोठाच टाका" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि मॅन्युअल जे (घराला किती हीटिंग-कूलिंग लागेल ते मोजायची पद्धत) वापरून हिशेब करून मागा.

दुसरा पॅकेज युनिट, सगळं यंत्र बाहेर, दोन जाड डक्ट घराखालून आत. यात परतीचा डक्ट गळका असला तर तो घराखालची दमट हवा ओढून आत फेकतो, घरात मातीचा, उंदरांचा वास येत असेल तर पहिला संशय तिथेच. तिसरा मिनी-स्प्लिट, म्हणजे आपल्याकडचा भिंतीवरचा स्प्लिट एसी, डक्टचा प्रश्नच नाही, मला हा सगळ्यात आवडतो. फक्त हिवाळ्यातही त्याच्यावरच भागवून फर्नेस कायमची बंद केलीत तर बेलीतल्या पाण्याच्या पाईपांना ट्रंकची जी ऊब मिळायची ती बंद होते आणि कडक थंडीत पाईप गोठतात, तेव्हा फर्नेस अधूनमधून चालवा. चौथा खिडकीतला एसी, स्वस्त आणि मस्त, पण बेडरूममधून आगीच्या वेळी बाहेर पडायची जी खिडकी असते ती अडवू नका.

ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत असाल तर पाचवा पण आहे, छपरावरचा स्वॉम्प कूलर, म्हणजे आपला अकोल्या-नागपूरचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच. कोरड्या हवेत राजा. आमच्याकडे किंवा अलाबामात लावाल तर कोकणात कूलर लावल्यासारखं, नुसता चिकचिकाट.

दमट भागात अजून एक. या घरांच्या भिंतींना बऱ्याचदा कागदासारखं व्हिनाईल चिकटवलेलं असतं, डक्ट गळत असला की घर बाहेरची दमट हवा ओढतं, ती भिंतीत शिरते, आणि एसी ६८ वर (फॅरनहाइट) ठेवून भिंत गार केली की व्हिनाईलच्या मागे पाणी सुटून बुरशी येते, गुलाबी-जांभळे डाग दिसायला लागतात. थर्मोस्टॅट ७५-७६ ला ठेवा, पंखा "ऑटो"वर, "ऑन"वर नाही, कारण सतत चालणारा पंखा कॉइलवरचं पाणी परत घरात उडवतो. एसीचं पाणी काढणारी नळी स्कर्टिंगच्या बाहेर काढा.

फिल्टर महिन्याला बघा. आपल्या फोडण्यांचं तेल त्यावर बसतं आणि तो चिकट होतो, किचनचा एक्झॉस्ट लावूनच फोडणी द्या. फार दाट फिल्टर घालू नका, एलर्जीसाठी म्हणून मी मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) पातळ फिल्टर घातला होता, हवाच येईना. ८ पुरे.

पैशांचं म्हणाल तर उत्पन्न केंद्र सरकारच्या गरिबीरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर १९७६ पासून चालू असलेल्या वेदरायझेशन योजनेत डक्ट सीलिंग, बेली, इन्सुलेशन हे सगळं फुकट होतं, मोबाईल होमला पण, भाड्याने राहत असाल तर मालकाची परवानगी लागते. २११ या मदत-माहितीच्या नंबरला फोन करून तुमच्या काउंटीत कोण करतं ते विचारा. यादी लांब असते, उन्हाळ्यातच नाव घाला.

जाता जाता कपड्यांच्या ड्रायरचा पाईप बघा. तो स्कर्टिंगच्या बाहेर निघायला हवा, आमचा खालीच सोडलेला होता, सगळा धागाकचरा आणि वाफ घराखाली. बाहेर काढल्यापासून ते मांजर तिथे येऊन बसतं, कपडे वाळत असतात तेवढा वेळच.